फिलोमिनाची नखं

शुक्रवार, १२ फेब्रुवारी १९९९, माणिकपूर

आज टिश्यू कल्चरच्या लॅबमध्ये केळीच्या रोपांच्या चाळीस बाटल्यांत बुरशी निघाली. साहेबांनी सगळं फिलोमिनावर ढकललं. ती सकाळी वाडीत पाणी लावून कामावर येते, एवढंच कारण. "नखांत माती घेऊन लॅमिनारवर बसतेस," सगळ्यांसमोर म्हणाले.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघी लॅमिनारच्या त्या काचेच्या कपाटापुढे शेजारी बसून हीच रोपं कापत होतो. ती लेकीच्या लग्नाचं सांगत होती. घरघरीत ऐकू येईना, म्हणून मीच कपाटाचा पंखा बंद केला. गाळलेली हवा थांबली की बाहेरची धूळ आत शिरते, हे तिला शिकवलं कोणी? मीच ना? पाच मिनिटं म्हणता म्हणता वीस तरी झाली असतील.

तिलाही हे आठवत असणार. तरी तिनं माझं नाव घेतलं नाही. आणि मी?

तिनं ब्रशनं नखं लाल होईपर्यंत घासली. मग हात माझ्यापुढे धरले. "बघ गो, अजून दिसते माती?"

नखं स्वच्छ होती. सकाळीही स्वच्छच होती. साहेब मागे उभे होते.

"थोडी आहे," मी म्हणाले.

ती पुन्हा बेसिनकडे गेली.