आन्सेल्मोचं निळं कापड

प्रिय एल्वा,

सकाळपासून येर्बाच्या चहासाठी पाणी तापवतोय आणि प्यायला विसरतोय. रागावू नकोस, पण तुझी आई गेल्यावरच्या नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला मी मुद्दामच अंगणात थांबलो. आत सगळे जपमाळ ओढत होते आणि मी तुमच्या कुत्र्याशी गप्पा मारत होतो. तुझ्या मावशीने टोमणा मारलाच, माल्विनास बेटांवर इंग्रजांशी लढून आल्यापासून रुफिनोला देवाची ॲलर्जी झालीय म्हणून. असेल.

पूर्वी नव्हती गं. खंदकात तुझा भाऊ आन्सेल्मो आणि मी रोज प्रार्थना म्हणायचो; दात इतके वाजायचे की अर्धे शब्द गळून जायचे. आपल्या कोरिएन्तेसच्या उन्हात वाढलेली पोरं आम्ही, त्या गार चिखलात पाय कुजायला लागले. पाद्रीबाबा सांगून गेले होते, देव आपल्या बाजूने आहे. मग भुकेपोटी तुझ्या भावाने एक मेंढी मारली म्हणून आपल्याच अधिकाऱ्याने त्याला खुंट्यांना बांधून दिवसभर गारठ्यात उताणं पाडलं, तेव्हा हा देव कुठे होता? आन्सेल्मो इताटीच्या देवमाउलीला हाका मारत होता. वरून हूं नाही की चूं नाही. पुढच्याच हल्ल्यात तो गेला आणि मी उरलो. का, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

तुझ्या आईने आपल्या रीतीप्रमाणे त्याच्या कबरीच्या क्रुसावर बांधायला निळं कापड शिवलं, कडेला लेस लावून. बेटांवर पुन्हा गेलो तेव्हा मी ते छातीशी धरून नेलं. तिथे पांढऱ्या क्रुसांच्या रांगा, आणि कितीतरी दगडांवर एकच मजकूर: फक्त देवाला ठाऊक असलेला सैनिक. आन्सेल्मोचं नाव एकाही दगडावर नाही. कापड बांधू कुठे? घडी तशीच परत आणली. तुझी आई एवढंच म्हणाली, “देवाला ठाऊक आहे ना, पोरा? मग झालं.” तिचं झालं. मी घरी येऊन देवाला शिव्या घातल्या. ठाऊक होतं, तर सांगायचं ना.

त्या कबरींतल्या हाडांची ओळख पटवायला नातलगांच्या रक्ताचा नमुना मागत होते, तो तिने शेवटपर्यंत दिला नाही. देवाने झाकलेलं उकरायचं नाही, म्हणायची. आता त्याच्या रक्ताची तू एकटीच उरलीस. आईचा शब्द मोडशील का, हे विचारायला अंगणात जीभ रेटली नाही, म्हणून हे पत्र. नमुना दे, एल्वा. कापड माझ्याकडेच आहे, लेस पिवळी पडलीय. क्रूस सापडला तर दोघं जाऊन बांधू, आणि तिथे जपमाळ माझ्याही हातात दे. देवासाठी म्हणणार नाही. आन्सेल्मोचं नाव घेऊन म्हणायची असेल, तर म्हणेन.

तुझ्या भावाचा, आणि म्हणून तुझाही,
रुफिनो