हत्ती, मांजर आणि बारसं राहिलेलं पोर

लालबाग,
दिवाळीच्या आधी, १९५६

प्रिय ललिता,

शीव काही सातासमुद्रापार नाही, पण तू इकडचा उंबरा चढत नाहीस म्हणून लिहिते. अक्षर वाकडं आहे, चालवून घे. प्रौढांच्या वर्गाला जाते ना मी. दुर्गाबाई जनावरांच्या नावांवरून अक्षरं शिकवतात. परवा म्हणाल्या, हत्ती हे नाव हातावरून आलंय, हात असलेला तो हत्ती. म्हटलं, बाई, सोंड आहे ती. तर म्हणे जुन्या माणसांना ती हातासारखी दिसली. साप म्हणजे सरपटणारा. आणि मांजर म्हणजे स्वतःला पुसून साफ ठेवणारं. आमच्या चाळीतली मांजरं बाईंनी बघितलेली नाहीत. दुधाची भांडी साफ करतात, तेवढं खरं.

घरी येता येता तेच डोक्यात घोळत होतं. म्हणजे कुणी धड नाव ठेवलंच नाही. जो जे करील त्यावरून हाक मारली, तीच चिकटली. आपल्या घरातही तेच चाललंय. जगदीशचं पोर आता पोटावर सरपटतं. मीनाक्षी त्याला कधी बेडूक म्हणते, कधी माकड, कधी नुसतंच शुक शुक. नाव घेत नाही. कसं घेईल? तुझा भाऊ संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात, गोळीबारात गेला तेव्हा ती पोटुशी होती. पोर झालं आणि तू आत्या म्हणून हट्ट धरलास, दादाचंच नाव ठेवा, नाहीतर मी बारशाला येत नाही. मी मध्ये बोलले तर चपला घालून निघालीस. बारसं राहिलं ते राहिलंच. पण तुझा शब्द चाळभर झाला, सगळे त्याला जगदीश म्हणायला लागले. खालचा दत्ताराम तर त्याची मूठ वळवून मोर्चाला चल म्हणतो. मलाही बरं वाटतं, खोटं का बोलू.

मंगळवारी मीनाक्षी नळावर होती. पोर दारातून निसटलं आणि गॅलरीतून जिन्याकडे सुटलं. तिने पाहिलं, कळशी टाकून धावली, आणि काय ओरडली ठाऊक आहे? अहो, अहो थांबा. पोटच्या पोराला. नळावरच्या बायका खो खो हसल्या. शेजारच्या कांताने पोराला पायरीवर धरलं. मग एकेकीच्या ध्यानात आलं, तशा कळश्या उचलून निघाल्या. तेव्हापासून मीनाक्षी कुणाशी बोलत नाही. पोराला मांडीवर घेते नि बघत बसते. माझ्या हाताला काम सुचत नाही, भात दोनदा करपला.

तू म्हणशील, असल्या रीती सोडून द्या. बोलायला सोपं. मी तुझ्या बाबांचं नाव उखाण्याबाहेर कधी घेतलं नाही. ह्या पोरीने तर कपाळ पुसल्यावरही ते नाव तसंच जपलंय. तिच्यावर जबरदस्ती करणारी मी कोण?

म्हणून लिहिलं. रविवारी ये. जावईबापूंना आण नाहीतर एकटी ये. पाळणा मी मागून आणलाय. पोराच्या कानात नाव तूच सांग, तो मान तुझा. पण वेगळं सांग. मीनाक्षीला चाळीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडता येईल असं. जगदीशला जगदीश म्हणायला मी आहे अजून.

तुझीच,
आई