घागरींचा नकाशा

२ मे, सकाळी ११
पाथर्डी तालुक्यातल्या पाणीटंचाईचा नकाशा संस्थेने माझ्याकडे सोपवला. साठ वस्त्या. ऑफिसातली ज्योती म्हणाली, साधे गोल ठेव, पाणी जितकं लांब तितका गोल मोठा. गोल कुणीही काढेल. मी प्रत्येक वस्तीवर घागर ठेवणार. आता कुणाचा सल्ला घ्यायचा नाही.

५ मे
घागर तयार. कड, सावली, गळ्याशी तांबडा पट्टा. आकार लोकसंख्येप्रमाणे, मोठी गावं उठून दिसतात. शेजारच्या टेबलावरचा गहिनीनाथ म्हणाला, लई भारी. सहा वर्षांचा मित्र. त्याला कळतं.

६ मे
ज्योतीची तक्रार: मोठ्या घागरींखाली लहान वस्त्या झाकल्या. बनुबाईंची अकरा घरांची वस्ती तिला सापडलीच नाही. म्हटलं, झूम कर. ती म्हणाली, कागदावर कसं करू? जळते. दुर्लक्ष करायचं ठरवलं.

८ मे, दुपारी ४
उद्या तहसीलदार साहेबांपुढे बैठक. टँकर आधी कुठे, ते नकाशा बघून ठरणार. फाइल पेनड्राइव्हवर घेतली. घागरीचं चित्र मुद्दाम माझ्याच कॉम्प्युटरवर ठेवलं. डिझाइन चोरतात लोक.

९ मे
दगा. तिथल्या कॉम्प्युटरवर साठ घागरींच्या जागी साठ प्रश्नचिन्हं. सॉफ्टवेअरला म्हणे चित्र सापडेना. साहेब म्हणाले, प्रश्न तर आम्हालाही माहीत आहेत. सगळे हसले. गहिनीनाथने बॅगेतून ज्योतीचा गोलांचा नकाशा काढला. छापून आणलेला. म्हणजे आधीपासून ठरलेलं. साहेबांनी टँकरही त्याच्यावरूनच लावले. सहा वर्षं एका डब्यात जेवलो.
बाहेर जाब विचारला. म्हणाला, "अजिनाथ, बनुबाईंच्या वस्तीवरच्या बाया पान्याला साडेतीन किलोमीटर चालत्यात. तुझ्या नकाशात वस्तीच न्हाई."
मग आधी का नाही बोललास?
"ज्योतीनं सांगितलं हुतं की."
त्याच्याशी बोलणं बंद.

१२ मे
बनुबाईंच्या वस्तीवर टँकर सुरू झाला. फोटो काढायला मलाच पाठवलं. संस्थेला चूक कळली असावी. गहिनीनाथ सोबत. अबोला चालू. बनुबाईंनी घोंगडी टाकली, पहिला तांब्या माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "नकाशा तुमीच काढला ना? तुमच्यामुळं पानी आलं."
हो म्हणालो. पाणी प्यायलो. गहिनीनाथने ऐकलं. परतीच्या वाटेवर खिडकीबाहेर बघत बसला.
ज्योतीला सांगायला हवं. उद्या नक्की.

१३ मे
ज्योतीने विचारलं, काय म्हणाल्या बनुबाई? म्हटलं, विशेष काही नाही.