पहिली पसंती

बाबा, तहसीलसमोरच्या ज्या कडुनिंबाखाली तुम्ही टाइपरायटर मांडून लोकांचे अर्ज लिहायचात, तिथे आता माझी पत्र्याची टपरी आहे. टाइपरायटरच्या जागी संगणक आणि प्रिंटर आला, बाकी लोक तेच, आणि त्यांची गाऱ्हाणीही बहुतेक तीच. माझे केस कानाजवळ पांढरे झाले तरी अजून मी ‘अर्जवाल्या बाबूची पोरगी’च आहे. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्यावर रागावून कधी काही लिहिलं नव्हतं, आज लिहायला बसले आहे. दुपारी वीज गेली, गिऱ्हाईक नाही, म्हणून हातानेच लिहिते आहे. अक्षर वाईट आलं तर समजून घ्या.

तुमचा तो नियम तुम्हाला आठवतो का? मी नववीत होते. बीटी कपाशी नुकतीच आली होती. पाकिटावर हे एवढं पांढरंशुभ्र बोंड, आणि अख्ख्या जळगाव जामोद तालुक्यात एकच बोलणं, की आता बोंडअळीचा विषय मिटला. आणि मग एका पावसाळ्यात लोक रिकामी पाकिटं घेऊन तुमच्यापुढे रांग लावून उभे राहिले, कारण बियाणं उगवलंच नव्हतं. तुम्ही चहाला गेला होतात. सातपुड्याच्या पायथ्याकडचे एक काका घाईत होते, म्हणून मीच अर्ज लिहून दिला. तीन एकरांपैकी दीड एकर उगवलं नाही, असं ते म्हणाले आणि तसंच मी लिहिलं. तुम्ही आलात, चष्मा वर करून वाचलंत आणि कागद टराटरा फाडलात.

“काऊन वं, त्याहीचं अर्धं वावर तूच मारून टाकलं?”

“पण काकाच म्हणाले, दीडच एकर…”

“ते खरं बोलले. तू काऊन खरं लेयलं? सायेब कापतेच. तीन लेयशीन तवा तो दीडावर येईन. शिवणीत किती कापड जाते ते शिंप्याले इचार जाय.”

मी चार लोकांसमोर रडले, आणि ते काकाच माझी समजूत घालत होते. पण नियम मात्र हाडात शिरला. पुढे घरातसुद्धा दोन वह्या पाहिजे असल्या की मी चार मागायची, आणि तुम्ही दोन आणून द्यायचात. आपण दोघंही मनातल्या मनात हसत असू.

मला वकील करायचं तुमच्या डोक्यात कधी आलं, ते मला नेमकं माहीत आहे. त्याच्या दुसऱ्या वर्षी बोंडअळीच्या तक्रारीची सुनावणी होती, आणि ज्यांचा अर्ज तुम्ही लिहिला होता ते शेतकरी एकटे घाबरतात म्हणून तुम्ही सोबत गेलात. मला शाळेला सुट्टी होती, मीही आले. आत बसलेल्या बियाणं कंपनीच्या माणसाने विचारलं, “तुम्ही कोण? वकील?” तुम्ही म्हणालात, “मी लिहिणारा.” “मग बाहेर बसा.” आपण दोघं खिडकीखालच्या बाकावर बसलो. आतलं सगळं ऐकू येत होतं. बीटीच्या पाकिटात साध्या बियाण्याचं एक लहान पुडकं यायचं, अळीला बीटी पचू लागू नये म्हणून ते कडेने लावायची कंपनीची अट असायची, आणि आपल्याकडे कुणीच लावत नसे. त्या माणसाने गोड आवाजात तेवढंच विचारलं, आणि आपले शेतकरी भोळेपणाने बोलून गेले, “ते तं मीनं फेकून देल्लं सायेब, साधंच होतं.” खेळ खलास. तुम्ही कपाळाला हात लावलात. घरी आल्यावर फाटकापाशी सायकलवरून उतरलात आणि म्हणालात, “बाहेर बसनारी नोको होऊ बाई तू. आत बसनारी हो.”

मी बारावीला असताना तुम्ही गेलात, बारावी कशीबशी पास झाले, आणि मी बाहेरच बसले. लग्न जमलं आणि मोडलं, ते असू द्या. चार वर्षांपूर्वी आईचं डावं अंग गेलं. तिला उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं सगळं माझ्याकडे आहे. सकाळी तिचं आवरून टपरीत, दुपारी शेजारच्या काकू एकदा डोकावतात, संध्याकाळी पुन्हा मी. असं चाललं होतं.

गेल्या वर्षी एक मुलगी लॉच्या सीईटीचा फॉर्म भरायला आली. बारावीनंतरची पाच वर्षांची वकिली. मी तिच्या जन्मतारखेचा रकाना भरत होते, तर ती म्हणाली, “आत्या, याले वयाची अट नाही. तुमीबी भरा नं!” ती चेष्टेत म्हणाली. मी त्याच दिवशी माझा फॉर्म भरला. मग टपरीत गिऱ्हाईक नसताना अभ्यास. इंग्रजीने जीव काढला. पण कायद्याचे प्रश्न तुम्हाला आवडले असते, बाबा. एक नियम देतात, एक प्रसंग देतात, आणि म्हणतात सांगा कोण चुकलं. मी आयुष्यभर दुसरं काय केलं? अकोल्याला परीक्षेच्या फाटकावर शिपायाने मला अडवलं, “पालकांनी बाहेर थांबा.” मी प्रवेशपत्र त्याच्या नाकासमोर धरलं. त्या दिवशी मी आत बसले.

गुण चांगले आले. माझा विश्वास बसेना इतके चांगले. एसटीने दीड तासावर एक कॉलेज आहे, सकाळचे वर्ग. काकू सकाळी आईजवळ बसायला तयार झाल्या होत्या. दुपारी परत येऊन टपरी उघडता आली असती. सगळं जुळत होतं. फक्त कॉलेजांची पसंती क्रमाने भरायची होती. आणि मी, जिने त्या आठवड्यात त्या मुलीला बजावून सांगितलं होतं की पहिल्या नंबरवर टाकलेलं मिळालं तर तेच घ्यावं लागतं, नाही घेतलं तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर, म्हणून जिथे जाऊ शकशील तेच वर टाक, त्या मी स्वतःच्या फॉर्ममध्ये पहिल्या नंबरवर पुण्याचं एक मोठं कॉलेज टाकलं. दुसऱ्यावर आपलं जवळचं. सायेब कापतेच. मोठं मागू, तो कापेल, आणि आपण बरोबर दुसऱ्यावर येऊ.

तिथे सायेब नव्हता, बाबा. तिथे मशीन होतं, आणि त्याने काहीच कापलं नाही. आमच्या प्रवर्गातल्या मुलींच्या यादीत शेवटचं नाव माझं, पुण्याला.

आईने पलंगावरून विचारलं, “लागला का नंबर?”

मी म्हटलं, “नाही लागला.”

तिने डोळे मिटले आणि जीभ जड असली तरी स्वच्छ म्हणाली, “बरं झालं माय. मले कोनं उठोलं असतं?” तिला मी दोष देत नाही. तिच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं, कदाचित याहून मोठ्याने.

जवळच्या कॉलेजात जाऊन आले. तिथल्या बाबूने चांगुलपणाने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की जागा भरल्या. शेवटची जागा त्या मुलीला मिळाली. तिचे गुण माझ्यापेक्षा कितीतरी कमी. ती पेढे घेऊन टपरीत आली, पाया पडली, म्हणाली, आत्या, तुमच्यामुळं. पेढा मी खाल्ला. यंदा पुन्हा फॉर्म सुटले होते, मी इतरांचे भरले. माझा भरायला संगणक उघडला आणि बंद केला. शेवटची तारीख होऊन गेली. काकूही आता लेकाकडे नाशिकला गेल्या, त्यामुळे सकाळचा प्रश्नच मिटला. तिकडे गुलाबी बोंडअळी पुन्हा आली आहे, लोक किडलेली बोंडं रुमालात बांधून आणतात आणि मी तीनच्या तीन एकर लिहिते. सुनावणी असली की मी बाहेरच्या बाकावर बसते. बाक तोच आहे, खिडकीला फक्त जाळी बसवली आहे.

वीज आली. बाहेर दोघं जण थांबले आहेत, म्हणून आवरते. हे पत्र मी तुम्हाला दोष द्यायला लिहायला घेतलं होतं, आणि तुमच्या फोटोमागे ठेवणार होते. नाही ठेवत. कारण यात एक गोष्ट खोटी आहे, आणि तुम्ही चष्मा वर करून वाचलं असतं तर ती लगेच पकडली असती. यादीत नाव दिसलं त्या क्षणी मी पलंगाकडे पाठ करून पुण्याची गाडी किती वाजता असते ते पाहिलं होतं. आई, टपरी, कुणीच आठवलं नव्हतं. पहिल्या नंबरवर ते कॉलेज मी शिवणीसाठी टाकलं नव्हतं, बाबा. मला तेच पाहिजे होतं.