पियानोच्या बाकाची डावी बाजू

ग्युते,

मावशीकडे हिवाळ्यासाठी कोबीची किमची मुरत घालायला चालले आहे, उद्या येईन. भात कुकरमध्ये आहे. सोदामचा पियानोचा सराव आज तू घ्यायचा.

क्लासच्या कागदावरची सफरचंदं तिला रंगवायला लावू नकोस. एकदा वाजवून एक रंगवायचं, तर ती तीन रंगवते. त्यावरून परवा दारातूनच ओरडलास ना पोरीवर? लहानपणी तू तेच करायचास. मला स्वयंपाकघरात सगळं ऐकू यायचं.

त्यापेक्षा पियानोवर पाच संत्री मांड. एकदा वाजवलं की एक तिचं. मधेच तू चुकीचं वाजव, मग ती मास्तरीण होऊन तुला झापते आणि स्वतः दहादा वाजवून दाखवते. तुला मुद्दाम चुकावं लागणार नाही म्हणा! नऊच्या आत आवरा, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या बाई वर येतील.

गाण्याच्या शेवटी ती थांबेल. तिथली डावीकडची जाड आवाजाची पट्टी तिची आई दाबायची. मी दाबायला गेले की माझा हात झटकते. सूनबाई गेल्यापासून तू त्या बाकावर बसलेला नाहीस. आज बस. तुझा हात ती झटकणार नाही.

आई