पंख्याचा हूक

अण्णा, आज रविवार, संध्याकाळचे सहा वाजून वीस मिनिटं. आत्ताच स्टुलावर चढून पाळण्याच्या हुकाला हात लावून आलो. घट्ट आहे. दुपारपासून ही पाचवी वेळ. तुमच्या नातीचं बारसं आज झालं. बायका घुगऱ्या घेऊन गेल्या, पाहुणे मागच्या अंगणात जेवतायत आणि ती पाळण्यात झोपली आहे. तिचा सगळा भार मी छतातून घातलेल्या एका रॉडवर आहे. मी शेजारी बसून हळदीच्या वखारीतल्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर हे लिहितोय. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. त्याच वर्षी माझी शाळा नववीत सुटली आणि मी सांगलीत वखारीच्या वजनकाट्यावर बसलो. अजून तिथंच आहे. घरातली बारीकसारीक कामं मात्र मीच करतो. तुमची हत्यारांची पेटी आणि मोबाइलवरचे व्हिडिओ, एवढीच शिकवणी. नळाचा वायसर बदलतो, घासणारं दार रंधून घेतो, भिंतीला फळी लावतो. मिस्त्री नाही मी. म्हणून काम झालं की ते नीट झालंय का हे बघायला परत परत जातो, आणि बघूनही बरं वाटत नाही.

पाळणा मामाकडून यायचा, तसा तो मंगळवारी फलटणहून टेम्पोतून आला. सागवानी, चार साखळ्यांचा. माझ्या बायकोला आणि तिच्या दोन्ही भावांना त्यातच जोजवलेलं. टांगायचा कुठं हे मी विचारलं, तर आई म्हणाली, "त्यात इचारायचं काय? फ्यान काढ आन् त्या हुकाला लाव. तुझ्या बापाच्या हातचा हूक हाय. नातीला तेवढाच आज्याचा हात लागंल." तुमच्या कामाबद्दल ती कशी बोलते ते तुम्हाला ठाऊक नाही, कारण तुमच्यासमोर ती कधी बोललीच नाही. आठवडाभर माधवनगरच्या मिलमध्ये फिटर आणि सुट्टीच्या दिवशी गवंडी, अशी ही खोली तुम्ही उभी केलीत आणि तिनं पाट्या वाहिल्या, हे ती दर पाहुण्याला सांगते. मी काही दुरुस्त केलं की उभी राहून बघते आणि म्हणते, "बरं झालंय. पर त्यांच्या हाताची सर न्हाई." चौदा वर्षं ऐकतोय.

गुरुवारी रजा काढून पंखा उतरवला. पाळणा आदल्या दिवशी वखारीच्या काट्यावर नेऊन तोलला होता: बावीस किलो. त्यात बाळ, त्यात झोक्याचा हिसका. पंखा पाच किलोचा. हूक एवढं पेलेल का हे बघावं म्हणून मी तो मुठीत धरून पिळला आणि तो फिरला, अण्णा. बाटलीचं बूच फिरावं तसा. चुन्याचा एक पोपडा माझ्या तोंडावर पडला. पेचकस घातला तर आत सिमेंटची पातळ खपली, तिच्यामागं बांबूच्या पाचरा आणि पाचरांच्या भोवती ठासून भरलेलं सूत. तेलकट, काळं पडलेलं, मिलमध्ये मशीन पुसायला देत ते सूत. तुमच्या डब्याच्या पिशवीत नेहमी एक गुंडी असायची, मी ते वासावरून ओळखलं. ओढत गेलो तसं हातभर निघालं आणि शेवटी हूकच माझ्या हातात आला. त्याचं वरचं टोक सरळ होतं. सळईला बांधलेलं नाही, वाकवलेलंसुद्धा नाही.

स्वयंपाकघरातून आईनं विचारलं, "काय पडलं रं?"

"काय न्हाई. पोपडा."

हूक हातात घेऊन स्टुलावरच उभा राहिलो. मग उलगडत गेलं. स्लॅबच्या दिवशी तुमची धावपळ, शेजारची चौदा माणसं कामाला, आणि त्यात पंख्याचा हूक सळयांत अडकवायचा राहून गेला. पंखा आला वर्षभरानं, बोनसमधून. मग तुम्ही छतात छिन्नीनं भोक पाडून हे असं बसवलंत आणि वरून चुना दिलात. चूक होते. पण तुम्हाला ती माहीत होती, हे मला त्या स्टुलावर कळलं. मी पाचवीत आहे, मे महिना आहे, दुपारी उकाड्यानं जीव जातोय म्हणून मी उशी घेऊन पंख्याच्या बरोबर खाली येऊन झोपलोय. तुम्ही पहिल्या पाळीवरून येता. पायातली चप्पलही न काढता मला दंडाला धरून भिंतीपर्यंत ओढत नेता आणि एक चापट देता. आयुष्यात तुम्ही मला मारलेली ती एकच. "किती येळा सांगितलं, फ्यानखाली झोपायचं न्हाई! वाऱ्यानं अंग आकडतंय!" आई म्हणते, "आवं, उकडतंय म्हणून आलं असंल लेकरू." तुम्ही पाठ करून हातपाय धुवायला जाता. संध्याकाळी मला पेरू आणून देता. मी इतकी वर्षं समजत होतो की तुम्हाला वाऱ्याचाच त्रास होता. घरात सगळ्यांची अंथरुणं भिंतीकडेला असायची, ती तुमची शिस्त, असं मी बायकोलासुद्धा सांगितलं होतं.

थांबा. पाळण्यात ती हलली म्हणून उठलो होतो. कूस बदलली फक्त. हुकाकडंही बघून घेतलं.

तुम्ही गेल्यावर आईचे गुडघे धरले, उकाडा सोसेना, म्हणून तिनं खाट पंख्याखाली ओढली. चौदा वर्षं ती त्याच्या खाली झोपली.

मी आईला म्हणालो, पाळणा तिथं नको, मी नवीन हूक बसवतो. तिनं हातातली पळी खाली ठेवली. "का? बापाच्या कामावर इश्वास न्हाई व्हय तुझा?" म्हणालो, पंखा काढला तर पोरीला उकडेल. "मग टेबलावरचा फ्यान घे. तुला आपलं तुझंच मिरवायचंय. त्यांनी बांधलेल्या छताला तू भोकं पाडनार! दोन इडिओ बगितलं की झाला मिस्त्री." खरं सांगितलं असतं तर एका वाक्यात भांडण मिटलं असतं. पण तिच्याकडं तुमचं म्हणून एवढंच उरलं आहे, ही खोली. रात्री तिनं मला ताट आदळून वाढलं.

मी मित्राचं ड्रिल आणलं आणि पंख्यापासून तीन फुटांवर छताला आरपार भोक पाडलं. एक सांगतो, तुमचा स्लॅब मात्र पोलादासारखा आहे. ड्रिल तापून दोनदा थांबवावं लागलं. वर गच्चीवर आठ इंची लोखंडी पट्टी, तिच्यातून बारा मिलिमीटरचा आट्यांचा रॉड खाली, वर दोन नट, खाली वेल्डिंग केलेला हूक. म्हणजे ओढ छताच्या आतल्या बाजूला नाही, वरच्या पट्टीवर येते. पाणी उतरू नये म्हणून वरून डांबर. मग पाळणा टांगून त्यात सिमेंटची दोन पोती, शंभर किलो, चोवीस तास ठेवली आणि हुकापाशी पेन्सिलनं खूण केली. केसभरही सरकला नाही.

आज बायकांनी आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात घातला, रीतीप्रमाणं. मला वाटलं, चला, अजून एकदा वजन पेलून झालं. मग पोरीला घेतलं, तर मी मध्येच हात घालून साखळ्या ओढून बघायला लागलो. बायकोची फलटणची मावशी ओरडली, "आवं जावईबापू, सरा की बाजूला! पोरगी हाय ती, सिमेंटचं पोतं न्हवं!" सगळ्या हसल्या. मी सरलो, पण दारात उभा राहिलो. पोरीला घातलं, आत्यानं कानात नाव सांगितलं, पाठीत धपाटे बसले, पाळणा हलला. रॉडनं आवाज केला नाही. माझा सदरा पाठीला चिकटला होता.

शेजारच्या काकू वर बघून आईला म्हणाल्या, "अगं, मालकांचा हूक हुता की मधी. त्याला का न्हाई लावला?" आई म्हणाली, "ह्यो लय घट्ट हाय. ह्यानं शंभर किलो टांगून बगितलंय." एवढंच. हाताची सर वगैरे काही नाही.

कारण तिला कळलं आहे. शुक्रवारी सकाळी ती केर काढत होती. मी दाढी करत होतो आणि आरशात मला ती दिसत होती. सुपलीतलं सूत तिनं उचललं, नाकाशी नेलं, वर त्या भोकाकडं बघितलं. मग खाटेकडं. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "माझी खाट भिंतीला घे. आन् फ्यान परत तिथं लावू नगंस." मी खाट सरकवली. ती त्यावर बसली आणि पदरानं तोंड पुसत राहिली. ते सूत तिनं कुठं ठेवलं, मला माहीत नाही. सुपलीत नव्हतं.

बायकोला वाटतं मी तुमचं नाव राखायला गप्प बसलो. तिला गुरुवारीच सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, चांगलं केलंत. मी होय म्हणालो. हे पत्र कुठं टाकायचं नाही म्हणून तुम्हाला खरं लिहितो. सूत मी गुरुवारीच कागदात गुंडाळून नाक्यावरच्या कचऱ्यात टाकू शकलो असतो. पिशवीत भरून दारापर्यंत नेलंही होतं. तिथून परत आलो आणि सुपलीत केराच्या वर ठेवलं, तिला दिसेल असं.