खुंट्याभोवतीची भेग

अमरावती, मंगळवार, दिवेलागण

वसंताचा ओठ फाटला. सख्ख्या धाकट्या भावाचा, माझ्या बुक्कीनं.

आकाशातून येणाऱ्या कणांची चाहूल मोजणीच्या नळीत इतकी बारीक उमटते की आधी वाल्वनं, रेडिओतल्या काचेच्या दिव्यासारख्या नळीनं, ती मोठी करावी लागते. लढाईनंतर मोडीत निघालेल्या सामानातला जुना वाल्व घेऊन महिनाभर तेच जुळवतोय. आणि कर्ण्यातून नुसती खरखर! मला वाटलं, शेजारच्या खोलीतला वसंताचा पंखाच ती खरखर करतोय. "बंद हाये, दादा," तो म्हणत होता. मी पंखा उचलून भिंतीवर फोडला, मग त्याला हाणलं. कशासाठी? तो ओठ...

आईनं आम्हाला सोडवलं आणि मला परसात ओढत नेलं. माझ्या यंत्राची तार जमिनीशी जोडणारा अर्थिंगचा लोखंडी खुंटा हलवून दाखवला. "भुई फाटली उन्हानं. खुंटा मोकळा झाला, तुले दिसत नाही?" पावसाळ्यात ओल्या काळ्या मातीत मीच ठोकलेला. आता भोवती हात जाईल एवढी भेग. तिनं भेगेत बादलीभर पाणी ओतलं, तशी मातीनं खुंटा पुन्हा धरला.

आत कर्ण्यातली खरखर थांबली. टक्. पुन्हा टक्. खरे कण.

वसंता ओठावर फडकं धरून दारात उभा होता.

"आभाळातलं ऐकू येते तुले," तो म्हणाला. "म्या चारदा सांगतलं, ते नाही आलं."